दिवा लागतो, पण पत्ता मिळत नाही : डॉस संगणकांविषयी वाचकांचे प्रश्न

(डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालवायची प्रणाली. एक्सटी, २८६, ३८६, ४८६ ही तेव्हाच्या संगणकांच्या पिढ्यांची नावं. आज्ञा आणि फायलींची नावं इथे नागरीत छापली आहेत. मशीनवर ती इंग्रजी कळांनीच टाइप करायची. ‘०एक्स’ म्हणजे आधी शून्य, मग एक्स हे अक्षर.)

प्रश्न : माझ्या ४८६वर डॉस ६.२२ आहे. त्यात रिअलटेक ८०१९एएस चिपचं, एनई२०००सारखं चालणारं नेटवर्क कार्ड बसवलं. फायबरच्या राउटरला केबल जोडली की कार्डामागचा दिवा लागतो. पॅकेट ड्रायव्हर (कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम) चढतो, मॅक पत्ताही (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बरोबर दाखवतो. पण एमटीसीपी या डॉसच्या नेटवर्क संचातला डीएचसीपी (राउटरकडून पत्ता मागणारा प्रोग्रॅम) चालवला की दर वेळी टाइमआउट. कार्ड बिघडलंय का? – एक वाचक, देवगड

उत्तर : कार्ड बहुधा ठणठणीत आहे. मॅक पत्ता बरोबर दिसतो याचा अर्थ ड्रायव्हरला कार्डाचा पोर्ट, म्हणजे मशीनमधला त्याचा घरक्रमांक, सापडला आहे. हा पत्ता पोर्टमधून सरळ वाचला जातो, त्याला इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे लक्ष द्या’ अशी हाक, लागत नाही. इंटरप्टचं काम पुढे सुरू होतं. राउटरकडून उत्तराचं पाकीट आलं की कार्ड इंटरप्टच्या तारेवर थाप मारतं. ड्रायव्हर दुसऱ्याच तारेवर कान लावून बसला असेल, तर पाहुणा पुढल्या पडवीत उभा आणि घरातले मागल्या दारी, अशी गत होते. उत्तर कार्डाच्या मेमरीत पडून राहतं आणि डीएचसीपी वाट बघून थकतो.

अशी बरीच कार्डं इंटरप्ट ३ वर लावलेली येतात, आणि ३ हा कॉम२चा, म्हणजे दुसऱ्या सिरीयल पोर्टचा. ४ कॉम१चा, म्हणजे बहुतेकांचा माउस तिथेच. ५ वर साउंड कार्ड असण्याची शक्यता मोठी, ७ प्रिंटरचा. १६ बिट स्लॉटमध्ये १० किंवा ११ सहसा मोकळे असतात, तिथेच जा. (एक्सटीच्या ८ बिट स्लॉटला या तारा पोचतच नाहीत. तिथे कॉम२ बंद करून ३ घेणं सोपं.)

मशीन सुरू करा आणि ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ ही ओळ दिसताच एफ५ दाबा, म्हणजे कोणताही ड्रायव्हर चढणार नाही. कार्डाच्या फ्लॉपीवरचा आरसेट८०१९ चालवा. कार्ड ‘प्लग अँड प्ले’वर असेल तर ‘जंपरलेस’ करा, कारण तुमच्या काळच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) त्याला जागा नेमून देणारं कोणी नाही. पोर्ट ३००, इंटरप्ट १० लिहून सेव्ह करा. मग मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. नुसतं कंट्रोल-ऑल्ट-डिलीट पुरत नाही. आता ड्रायव्हर असा चढवा :

एनई२००० ०एक्स६० १० ०एक्स३००

पहिला आकडा सॉफ्टवेअर इंटरप्ट, त्यावरून एमटीसीपी ड्रायव्हरशी बोलतो. दुसरा कार्डाची तार, तिसरा पोर्ट. इथे एक चूक फार होते : ‘०एक्स’ गाळून नुसतं ३०० लिहिलं जातं. ड्रायव्हर ते दशमान ३०० समजतो, म्हणजे हेक्समधलं (सोळा अंकांच्या पद्धतीतलं) १२सी, आणि तिथे कार्ड नाहीच. तुमचा मॅक पत्ता बरोबर येतोय, तेव्हा ही चूक तुमच्याकडून झालेली नाही. ज्यांना मॅकच्या जागी एफएफ-एफएफ-एफएफ अशी रांग दिसते, त्यांनी मात्र आधी पोर्टचा आकडा तपासावा आणि मग कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलंय का ते बघावं. ३००वर दुसरं काही असेल तर ३४० घ्या. कार्ड ३२ पत्ते व्यापतं, त्यामुळे ३२० घेतलं तर साउंड कार्डाच्या ३३०वरच्या मिडी पोर्टशी टक्कर होते.

पुढे टीसीपी.सीएफजी या फायलीत दोन ओळी पुरतात, ‘पॅकेटइंट ०एक्स६०’ आणि ‘होस्टनेम’ अधिक मशीनचं नाव. ऑटोएक्झेकमध्ये ‘सेट एमटीसीपीसीएफजी=सी:\एमटीसीपी\टीसीपी.सीएफजी’ घाला आणि डीएचसीपी चालवा. मिळालेला पत्ता, गेटवे, नेमसर्व्हर तो त्याच फायलीत लिहून ठेवतो. मग पिंग तीनदा : आधी राउटरला, मग ८.८.८.८ला, शेवटी एखाद्या नावाला. पहिलं अडलं तर दोष घरात, दुसरं अडलं तर राउटरच्या पलीकडे, फक्त तिसरं अडलं तर नेमसर्व्हरमध्ये.

‘सेट’च्या ओळीवर ‘आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस’ आलं तर कॉन्फिग.सिसमध्ये ‘शेल=सी:\डॉस\कमांड.कॉम सी:\डॉस\ /ई:५१२ /पी’ लिहा. शेवटचा ‘/पी’ विसरू नका, त्याच्याशिवाय ऑटोएक्झेक चालणारच नाही.

प्रश्न : माझ्या थ्रीकॉम ३सी५०९बी कार्डाचा दिवाच लागत नाही. केबल नवी आहे. – एक वाचक, मालवण

उत्तर : तुमच्या कार्डावर गोल बीएनसी आणि चौकोनी आरजे४५ अशी दोन्ही तोंडं असतील तर ते कदाचित गोल तोंडावरच अडकलं आहे. ३सी५एक्स९सीएफजी चालवून ‘ट्रान्सीव्हर’ १०बेस-टी करा. तरीही अंधार असेल तर राउटरकडे वळा. कार्ड १० मेगाबिटचं, आणि काही नव्या राउटरांची जलद तोंडं, विशेषतः २.५ गिगाबिटची, १०वर उतरतच नाहीत. मध्ये एक जुना १०/१००चा स्विच ठेवा, काम होईल.

गोल तोंड वापरायचंच असेल तर टीव्हीवाल्याकडची उरलेली केबल लावू नका. ती ७५ ओहमची असते. इथे आरजी-५८, ५० ओहमची लागते, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर हवेत, आणि एका तुकड्याची लांबी १८५ मीटरपर्यंत.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने बंद ठेवलेलं ३८६ गणपतीनंतर चालू केलं. ‘सीमॉस चेकसम एरर’ येतं, हार्ड डिस्क ओळखत नाही, कीबोर्डही मेला. आत बॅटरीच्या आजूबाजूला हिरवा थर दिसतो. – एक वाचक, गुहागर

उत्तर : तिन्ही तक्रारींचं मूळ तो हिरवा थर आहे. पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी फुटली की आतला अल्कली बोर्डावर पसरतो आणि तांब्याच्या रेघा खातो. बऱ्याच बोर्डांवर ती कीबोर्डच्या सॉकेटजवळच असते, म्हणून आधी कीबोर्ड जातो. दमट हवेत हे अधिक वेगाने होतं. मशीन पुन्हा चालू करू नका.

बॅटरी कटरने कापून काढा. हलवून उपटलीत तर पॅड निघून येतील. अल्कली मारायला आम्ल लागतं : कापसावर पांढरं व्हिनेगर घेऊन थरावर टिपा. फसफसेल. फसफस थांबेपर्यंत मऊ टूथब्रशने घासा. मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच. त्यावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट चालणार नाही, त्यात पाणी असतं. बोर्ड किमान एक दिवस सुकू द्या. भर पावसात सुकवायचं तर लाकडी कपाटात खालच्या फळीवर २५ वॅटचा तारेचा बल्ब लावून वरच्या फळीवर बोर्ड ठेवा. कपड्यांना बुरशी लागू नये म्हणून घरोघरी करतात तेच. एलईडी बल्ब गरम होत नाही, त्याचा उपयोग नाही.

आता मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून कीबोर्डच्या सॉकेटची प्रत्येक पिन ते कीबोर्ड कंट्रोलर, बहुधा ८०४२ जातीची ४० पिनांची चिप, ही वाट तपासा. वाटेत लहान कॉइल किंवा फ्यूज असतो, तोही गेलेला असू शकतो. जिथे बीप नाही तिथे रेघ तुटली आहे. पातळ इनॅमल तारेने जोडा.

नवी बॅटरी बोर्डावर सोल्डर करू नका. चार पिनांच्या बाहेरच्या बॅटरीच्या कनेक्टरला तीन पेन्सिल सेलांचा डबा वायरने जोडा आणि डबा कॅबिनेटच्या भिंतीला चिकटवा. पुढच्या वेळी सेल गळले तर नुकसान डब्याचंच. अधिकच्या तारेत १एन४१४८ डायोड घाला, म्हणजे बोर्ड सेलांना चार्ज करायला जाणार नाही. तीन सेलांचे ४.५ व्होल्ट डायोडमधून ३.८च्या आसपास उतरतात, ते चालतात. जवळचा जंपर ‘एक्स्टर्नल’कडे वळवा. कोणती पिन अधिक, ते बोर्डाच्या पुस्तिकेत किंवा मल्टिमीटरने पाहिल्याशिवाय जोडू नका.

हार्ड डिस्क मेलेली नाही, सीमॉस (बॅटरीवर जगणारी, सेटअपची मेमरी) तिला विसरला आहे. डिस्कच्या लेबलवर सिलिंडर, हेड, सेक्टर हे तीन आकडे छापलेले असतात. सेटअपमध्ये टाइप ४७ घेऊन ते भरा. लेबल नसलेल्या जुन्या २० एमबीच्या डिस्कला ६१५, ४, १७ हे आकडे, म्हणजे टाइप २, पुष्कळदा लागू पडतात. आकडे मिळाले की कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा.

आणि बॅटरी न फुटलेल्यांनीही आगोटीच्या आधी एवढं करावं. सगळी कार्डं काढून त्यांच्या सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्या, चुरा ब्रशने झाडून अल्कोहोल लावावं. सॉकेटमधल्या चिपा अंगठ्याने नीट दाबाव्या, तापून थंड होताना त्या वर सरकतात. किनाऱ्यापासून जवळ राहणाऱ्यांना खारा वारा हा दमटपणापेक्षा मोठा शत्रू आहे, कारण मिठाचा थर हवेतलं पाणी धरून ठेवतो. मशीन प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून मात्र ठेवू नका. आतली ओल आतच राहते. सुती चादर आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवणं, याहून चांगला उपाय आम्हाला माहीत नाही.

प्रश्न : फायबरबरोबर आलेल्या फोनला जुना ३३.६चा मोडेम लावला. ‘नो डायलटोन’ म्हणतो. – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : एटीएक्स३ ही आज्ञा दिलीत की तो डायलटोनची वाट न बघता नंबर फिरवील. त्याने प्रश्न सुटणार नाही, हे आधीच सांगतो. फायबरवरचा आवाज पाकिटांमध्ये तोडून पाठवला जातो. माणसाच्या कानाला क्षणभराची बारीक गडबड कळत नाही, मोडेमचा सूर मात्र तेवढ्याने तुटतो. शिवाय १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा पलीकडे फोन उचलणारे मोडेम होते. आज पलीकडे कोण आहे, याचा विचार करा.

मोडेमच्या जागी ईएसपी८२६६ या चिपचा वायफाय मोडेम लावा. डॉसला तो साधा हेज (‘एटी’ आज्ञा ऐकणारा) मोडेमच वाटतो. साहित्य : ईएसपी८२६६ बोर्ड, मॅक्स३२३२ची पट्टी, नऊ पिनांची केबल. मॅक्स३२३२ वगळून सिरीयल पोर्ट सरळ ईएसपीला जोडाल तर पोर्टच्या १२ व्होल्टने ३.३ व्होल्टची चिप तत्काळ जाईल. वीज मोबाइलच्या चार्जरवरून बोर्डाच्या यूएसबीला द्या. वायफाय जोडताना ईएसपी अचानक जास्त करंट ओढतो, आणि अशक्त पुरवठ्यावर नेमका तेव्हाच रिसेट होतो. नऊ पिनांच्या पोर्टवर २ घेण्याची, ३ पाठवण्याची, ५ अर्थ. पंचवीस पिनांच्या पोर्टवर २ आणि ३ उलट, अर्थ ७. पंचवीस पिनांचं मादी तोंड प्रिंटरचं असतं, तिथे जोडू नका.

झिमोडेम हे फर्मवेअर टाकलंत तर एटीडब्ल्यू आणि अवतरणात वायफायचं नाव, स्वल्पविराम, पासवर्ड. नंतर एटी&डब्ल्यूने सेव्ह. मग एटीडीटी आणि अवतरणात ‘टेलिहॅक.कॉम:२३’. टेलिक्स किंवा केर्मिट यांपैकी कोणताही टर्मिनल प्रोग्रॅम चालेल, ८-एन-१ (८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप). राउटर यादीत दिसत नसेल तर त्याचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा चालू करा, ईएसपी८२६६ला ५ दिसत नाही.

अक्षरं गळत असतील तर डॉसबरोबरचा एमएसडी हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवून सिरीयल चिप बघा. ८२५० किंवा १६४५० असेल तर ९६००च्या वर जाऊ नका, तिच्यात एकाच अक्षराची जागा असते. १६५५०एमध्ये १६ अक्षरं मावतात. पण ११५२००पर्यंत जायचं तर आरटीएस-सीटीएसच्या (थांब-चल सांगणाऱ्या) तारा जोडल्याच पाहिजेत.

तांब्याची जुनी फोनलाइन अजून असेल तर वैशाखातल्या वळवाच्या वेळी आणि परतीच्या पावसात मोडेमची पिन काढून ठेवा. वीज तारेवरून येते. मोडेम तर जळतोच, सोबत मदरबोर्डही जातो.

प्रश्न : पिंग जातो, पण एकही वेबसाइट उघडत नाही. – एक वाचक, हर्णै

उत्तर : साइट्स आता जवळजवळ सगळ्या एचटीटीपीएसवर आहेत आणि तुमच्या ब्राउझरला ते कूट उलगडत नाही. मशीन ८०८८ किंवा २८६ असेल तर मायक्रोवेब या ब्राउझरमधून फ्रॉगफाइंड.कॉम उघडा. ते साध्या एचटीटीपीवर चालतं आणि इतर पानं चित्रं-स्क्रिप्ट काढून, मजकूर ठेवून देतं. ३८६ आणि पुढे लिंक्स ब्राउझरची डॉस आवृत्ती एचटीटीपीएस जाणते, सावकाश पण जाणते. दोन अडचणी येतील. एक, लिंक्स एमटीसीपीची फाइल वाचत नाही. त्याला डब्ल्यूएटीटीसीपी.सीएफजी वेगळी लागते, त्यात ‘माय_आयपी=डीएचसीपी’. दुसरी, घड्याळ १९८०मध्ये असेल तर प्रत्येक प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून नाकारलं जातं. ‘सेट टीझेड=आयएसटी-५:३०’ करा. उणे चिन्ह बरोबर आहे, ग्रिनिचच्या पूर्वेला ते उणेच लिहितात. मग घड्याळ लावायला ‘एसएनटीपी -सेट पूल.एनटीपी.ऑर्ग’.

घरात दुसरा संगणक किंवा रास्पबेरी पाय असेल तर त्यावर वेबवन हा प्रॉक्सी चालवा आणि डॉसच्या ब्राउझरला त्याचा पत्ता आणि ८०८० पोर्ट द्या. कूट तो उलगडतो, तुम्हाला साधं पान मिळतं. यातल्या कोणत्याही मार्गाने बँक उघडू नका आणि खऱ्या मेलचा पासवर्ड टाकू नका. टेलनेट आणि एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो.

प्रश्न : वडिलांनी छापखान्यात ३८६वर जिस्ट कार्ड (डॉसवर नागरी दाखवणारं) लावून मराठी मजकूर लिहून ठेवला आहे. तो सिरीयल केबलने लॅपटॉपवर घेतला तर नुसते इंग्रजी आकडे-अक्षरं येतात. काही फ्लॉप्या २०२१च्या पुरात भिजल्या. काही हाती लागेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : लागेल. म्हणून इथे घाई नको. जिस्टचा मजकूर इस्कीमध्ये असतो, ते भारतीय लिप्यांच्या अक्षरसंकेतांचं १९९१चं भारतीय मानक. त्यात इंग्रजी अक्षरं १२७पर्यंत आणि नागरी त्याच्या वर, आठवा बिट लावून. ‘काम’ हा शब्द फायलीत बी३, डीए, सीसी असा असतो. केबलचं सेटिंग सात बिटांचं असेल तर प्रत्येकातून १२८ वजा होतात आणि पलीकडे आकडा ३, झेड, एल असं उमटतं. तुमच्याकडे जिथे ‘काम’ असायला हवं तिथे हेच आलं असेल तर निदान पक्कं. आलेल्या फायलीत १२८ परत मिळवून दुरुस्ती करायला जाऊ नका, मूळचे इंग्रजी आकडे, जागा, ओळींचे शेवट त्यात मिसळून जातात. मूळ फाइल नव्याने पाठवा.

दोन्हीकडे ९६००, पॅरिटी नाही, ८ बिट, १ स्टॉप. केर्मिट वापरा आणि ‘सेट फाइल टाइप बायनरी’ द्या. नेटवर्क कार्ड असेल तर एफटीपीत आधी ‘बिन’. पाठवण्याआधी एक फाइल ‘डीबग’मध्ये उघडून ‘डी १००’ द्या. उजवीकडे नुसते ठिपके आणि डावीकडे बी, सी, डीने सुरू होणारे आकडे दाट दिसले तर ती इस्की. लॅपटॉपवर आयसीयूची यूकॉन्व्ह आज्ञा ‘-एफ आयएससीआयआय,व्हर्जन=० -टी यूटीएफ-८’ असं देऊन युनिकोड करते. विंडोजमध्ये याच लिपीचं कोडपेज ५७००२. मध्येमध्ये कचरा आला तर तो वर्ड प्रोसेसरची ठळक-तिरप्याची चिन्हं, तो हाताने काढावा लागेल. डीटीपीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फायलींना हा मार्ग लागू नाही, तिथे त्या फाँटचाच कन्व्हर्टर हवा.

भिजलेल्या फ्लॉप्या ड्राइव्हमध्ये घालू नका. गाळाचा एक कण हेडखाली आला की ती फ्लॉपी ओरखडते आणि तिच्यानंतर घातलेलीही. साडेतीन इंचीची धातूची झडप काढा, कवचाच्या कडेला बोथट सुरी फिरवून ते उघडा. आतली तबकडी मधल्या धातूच्या चकतीला धरून डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलवा. पुसू नका, गाळ सुटून जाऊ द्या. पाणी तीनदा बदला. जाळीवर सावलीत सुकवा. मग एका नव्या फ्लॉपीचं कवच उघडून त्यात ती बसवा, वरची बाजू वरच राहील असं बघा. सव्वापाच इंचीची एक कड ब्लेडने उघडून असंच करा. बुरशीचे पांढरे धागे दिसले तर अल्कोहोलमध्ये भिजवलेला इअरबड केंद्राकडून कडेकडे, कधीही गोल नाही. प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेड साफ करा.

पहिल्यांदा वाचली गेली की लगेच पूर्ण डिस्कची प्रतिमा काढा, एकेक फाइल उघडत बसू नका. धुतलेली तबकडी दुसऱ्यांदा वाचली जाईलच असं नाही.